दोनदा मोजलं

३ जून

चि. ठमीस,

इथे आशीर्वाद लिहायचा असतो. पण सहा वर्षं तू माझ्याशी बोललेली नाहीस, तेव्हा तो पोचेल की दारातूनच परत येईल याचा भरवसा नाही. जागा मोकळी सोडतो. तुला योग्य वाटेल ते भर.

फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र. परवा तुझ्या यजमानांनी फोन केला होता. मागे शिलाईयंत्रं चालू होती आणि ते कुजबुजत होते, त्यावरून तू चार हातांवर उभी असावीस. भाचीला पुढे गणित घ्यायचंय, अर्ज वीस तारखेच्या आत द्यायचाय, आणि तू नाही म्हणतेस, असं त्यांनी सांगितलं. का, असं मी विचारलं. तू म्हणे त्यांना म्हणालीस, "आमच्या रक्तात आकडे नाहीत. दादाने मोजून बघितलंय."

ठमे, अस्मादिकांचा असा हवाला हल्ली कुणी देत नाही. आमच्या कलचाचणी केंद्रात माझ्या खुर्चीला मान आहे, मला नाही. मी सही केलेला अहवाल पालक वाचतात, घडी घालतात आणि आपल्या मनात असतं तेच करतात. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत माझं मोजमाप शब्दशः पाळणारी एकच व्यक्ती निघाली, आणि ती माझीच धाकटी बहीण.

मला इतकंच सांगायचंय की त्या मोजमापाला काही अर्थ नव्हता. तू तेव्हा पंधरा वर्षांची होतीस, मी तेवीसचा. व्याकरणाची पदवी घेऊन घरी बसलेल्या मुलाला केंद्राने उमेदवार म्हणून घेतलं ते माझ्या बुद्धीसाठी नव्हे, चाचण्यांच्या सूचना शुद्ध भाषेत लिहून हव्या होत्या म्हणून. उमेदवाराने आधी घरच्या किंवा ओळखीच्या पाच जणांवर हात बसवायचा आणि मग खऱ्या मुलांना हात लावायचा, असा तिथला रिवाज. न्हावी कसे शिकताना घरच्यांचे केस कापतात, तसं. आणि त्या सरावाचे गुण घरी सांगायचे नाहीत, हा नियम. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या तेव्हाच्या प्रमुखांनी, तो तीनदा बजावला होता.

मी तो जेवणाच्या टेबलावर मोडला. वरण वाढता वाढता आईने सहज विचारलं, पोरीचं काय आलं रे, आणि मी म्हणालो, चाळीसपैकी नऊ.

तेव्हा ती सरावाची चाचणी होती, तिच्यावरून कुणाचं काही ठरवायचं नसतं, एवढं ध्यानात घे आणि पोरीच्या अर्जावर सही कर. आणि सहा वर्षांपूर्वी भाचीच्या समोर मी तुला 'नऊबाई' म्हणालो आणि तू ताट सारून उठलीस, त्याबद्दलही वाईट वाटतं. तेवीस वर्षं चाललेली थट्टा होती, तू हसायचीसही. त्या दिवशी का हसली नाहीस ते मला कळलं नाही, असं मी लोकांना सांगत असतो.

तुझा
दादा


६ जून

ठमे,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. यजमान म्हणाले, पाकीट कापायच्या टेबलावर पडलंय, कापड हलू नये म्हणून तू त्यावर लोखंडी वजन ठेवलंयस. म्हणजे पत्राचा काहीतरी उपयोग झाला.

मागच्या पत्रात एक गोष्ट राहिली. राहिली म्हणजे मी ठेवली.

आमच्याकडे आता यंत्र आलंय. मुलं पडद्यावर बोट लावतात आणि त्यांची लायकी दुसऱ्या सेकंदाला छापून बाहेर पडते. जुने कागद रद्दीत काढायचे म्हणून गेल्या आठवड्यात मी कपाट रिकामं करत होतो. त्यात माझी उमेदवारीची फाइल निघाली आणि तिच्यात तुझी उत्तरपत्रिका.

आधी आमचं हत्यार समजावून सांगतो. आम्ही त्याला चाळणी म्हणतो. उत्तरपत्रिकेच्या मापाचा पुठ्ठा, आणि बरोबर उत्तराची खूण जिथे यायला हवी तिथे छिद्र. चाळणी पत्रिकेवर ठेवायची आणि छिद्रांतून किती खुणा दिसतात ते मोजायचं. काम इतकं सोपं आहे की त्यासाठी पदवी लागते. पुस्तिका मात्र दोन प्रकारच्या, 'अ' आणि 'ब'. प्रश्न तेच, क्रम वेगळा, म्हणजे शेजारच्याचं बघून लिहिता येत नाही. म्हणून चाळण्याही दोन.

सरावासाठी मला पाच पुस्तिका मिळाल्या. चार 'अ', आणि संपल्या म्हणून पाचवी 'ब'. चाळणी मी एकच उचलली, 'अ'ची. बाबांना एकतीस आले, आईला बावीस, बाकीच्या दोघांनाही माणसांसारखे. पाचवी पुस्तिका तुझ्या वाट्याला आली.

चुकीची चाळणी ठेवली की पत्रिकेवर कुणाच्याही खुणा असोत, नशिबाने दिसतील तेवढ्याच दिसतात. पाच पर्याय, चाळीस प्रश्न. डोळे मिटून खुणा केल्या असत्यास तरी आठ-नऊ आलेच असते.

तुला तो दिवस आठवत असेल. मी गच्चीकडच्या खोलीत घड्याळ लावून बसलो होतो, चेहरा शक्य तितका शास्त्रीय ठेवून. वीस मिनिटांची चाचणी. बाराव्या मिनिटाला तू पेन्सिल खाली ठेवलीस आणि खिडकीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्या मोजायला लागलीस. मी म्हणालो, उरलेला वेळ वापर, तपासून बघ. तू म्हणालीस, "तपासलं. सोपं होतं रे सगळं." टेबलावर नऊ म्हटल्यावर तू खोटं ठरल्यासारखी बघायला लागलीस. मग मला म्हणालीस, "दादा, परत एकदा मोज ना."

मी मोजलं. उठलो, खोलीत गेलो, तीच चाळणी पुन्हा ठेवली, पुन्हा नऊ. बाहेर येऊन बाबांना सांगितलं, "दोनदा मोजलं."

बाबांची जन्मभराची नोकरी औषधांच्या दुकानात. बाटलीवर चिठ्ठी असली की आत काय आहे ते हुंगून बघायचं नाही, हा त्यांचा धर्म. त्यांना मुलीवर चिठ्ठी मिळाली.

असो. गेल्या आठवड्यात बरोबर चाळणी ठेवून बघितलं. सदतीस आले.

आता तरी सही कर.

दादा


९ जून

ठमे,

'गेल्या आठवड्यात' हे खोटं आहे.

फाइल गेल्या आठवड्यात निघाली हे खरं. त्यात काय आहे ते मला माहीत होतं. ती कपाटात सगळ्यांत खाली, जुन्या वेळापत्रकांच्या गठ्ठ्याखाली होती, कारण तिथे मीच ठेवली होती. प्रमुख झाल्यावर पहिल्या आठवड्यात मी ते कपाट माझ्या खोलीत हलवून घेतलं. लोकांना वाटलं, साहेबांना जुन्या वस्तूंचं प्रेम आहे.

चाचणीनंतर अकराव्या दिवशी मला कळलं. सरावाच्या पत्रिका मोठ्या बाईंकडे द्यायच्या होत्या. त्याआधी मी त्या लावत होतो आणि तुझ्या पत्रिकेच्या कोपऱ्यात बारीक 'ब' दिसला. दुसरी चाळणी आणून ठेवली. खुणा छिद्रांतून एकामागून एक दिसत गेल्या. मोजताना मधे थांबून मी दाराला कडी घातली, ते अजून आठवतं.

मोठ्या बाईंना सांगितलं, चार जणांच्या घेतल्या, पाचवी भिजली. त्यांनी मला अजून एक घ्यायला लावली. रद्दीवाल्याची घेतली. त्याला अठ्ठावीस आले, तुला गंमत म्हणून सांगतो.

तेव्हा उशीर झाला होता, असं मी पुढे लिहिणार होतो. वाक्य तयार होतं, चांगलं होतं. आज नको.

दादा


१४ जून

ठमे,

उशीर झाला नव्हता. चार दिवस होते.

बाबांनी तुझा अर्ज भरून कपाटावर ठेवला होता. गणिताच्या जागी कापडकामाचा दोन वर्षांचा वर्ग. द्यायची शेवटची तारीख पुढच्या आठवड्यात. मी त्या दिवशी घरी येऊन एक वाक्य बोललो असतो तर बाबांनी नवी चिठ्ठी चिकटवली असती. छापील कागदापुढे त्यांचं काही चालत नसे. मला घाबरायचंही कारण नव्हतं. नियम मोडला म्हणून मोठ्या बाई रागावल्या असत्या, फार तर उमेदवारी सहा महिने लांबली असती. सूचना शुद्ध लिहिणारा दुसरा कोण होता त्यांच्याकडे?

त्या चारांतल्या दुसऱ्या दिवशी तुझ्या गणिताच्या बाई घरी आल्या. हे तू विसरली नसशील. खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या होत्या, पिशवी मांडीवर. म्हणाल्या, "मी हिला काय शिकवणार? कधी कधी हीच मला सोपी रीत दाखवते." बाबा गडबडले. माणूस समोर बसून बोलतोय आणि कागद वेगळं सांगतोय, अशी वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. त्यांनी मला आतून हाक मारली. "तूच सांग बाईंना."

तू स्वयंपाकघराच्या दारात उभी होतीस. हातात ओला पेला होता आणि तो तू पुसत नव्हतीस.

मला तेव्हा पाच दिवस झाले होते कळून, आणि मी म्हणालो, "शाळेतले गुण पाठांतराचे असतात, बाई. ही चाचणी सांख्यिक अभिक्षमता मोजते. ती शाळेच्या पलीकडची गोष्ट आहे." अभिक्षमता हा शब्द मला येऊन दोन महिने झाले नव्हते. बाई पिशवी घेऊन उठल्या. तुझी बाई माझ्या एका शब्दाने गारद झाली आणि मला, ठमे, बरं वाटलं.

वर लिहिलेलं 'पाच दिवस' पुन्हा वाचलं. चुकलं. दोन दिवस. अकराव्या दिवशी कळलं, शेवटची तारीख पंधराव्या दिवशी, बाई तेराव्या दिवशी आल्या. माझी आकडेमोड ही अशी. आणि खरं कारण तिथेच आहे.

पुस्तिका घरी नेण्याआधी आम्हा उमेदवारांना ती स्वतः सोडवावी लागे. मला सव्वीस आले होते. मी पूर्ण वीस मिनिटं घेतली आणि शेवटचे सहा प्रश्न अंदाजाने ठोकले. बाबा मला लहानपणापासून घोकंपट्टीवाला म्हणायचे. व्याकरणाला गेलो तेव्हा म्हणाले, बरंय, तिथे डोकं लागत नाही. आणि संध्याकाळी दुकानातून आल्यावर चपला काढता काढता तोंडी गणितं घालायचे ती तुला, माझ्याहून आठ वर्षांनी लहान असलेलीला. मी शेजारी बसून रूपं पाठ करत असे. तू माझ्याकडे बघून जीभ काढायचीस.

त्या नऊने मला घरात पहिल्यांदा वरची जागा दिली. अकराव्या दिवशी ती सोडायची होती, आणि मी सोडली नाही. बाकी सगळी कारणं मी पुढच्या वर्षांत सवडीने बनवली.

नंतर ते सोपं जात गेलं. एकोणिसाव्या वर्षी तू केंद्रात आलीस आणि म्हणालीस, मला परत बसू दे. मी म्हणालो, दुसऱ्यांदा बसलं की सरावाने गुण वाढतात, ते खरे नसतात. हे शास्त्राला धरून आहे. पुस्तकात असंच लिहिलंय. तू मान हलवलीस आणि बाहेर बाकावर बसून चप्पल नीट करत राहिलीस, बराच वेळ. मी काचेतून बघत होतो. आणि मग तुझ्या लग्नात, पोरीच्या बारशात, बाबांच्या आजारपणात, जिथे चार माणसं जमली तिथे मी तुला नऊबाई म्हणालो. लोक हसले की ती गोष्ट अजून खरी आहे, असं मला वाटायचं. वाक्य कितीदा वापरलं तर झिजतं, ते मला व्याकरणात कुणी शिकवलं नव्हतं.

मी तुझ्या कामाच्या जागी शेवटचा आलो होतो तेव्हा पडद्यांसाठी एक गिऱ्हाईक आलं होतं. खिडकी एकशे चौऱ्याऐंशी सेंटीमीटर, म्हणाला. तू तोंडात टाचण्या धरून म्हणालीस, चुण्यांना अडीचपट, चारशे साठ, पन्हा एकशे पंधराचा, चार पन्हे, एक सूतही वाया नाही. त्याने खिशातून यंत्र काढून ताळा केला, तोवर तू कापड अंथरलं होतंस. मी गमतीने म्हणालो, अरे वा, गणित! तू टाचण्या काढल्यास आणि अगदी सरळपणे म्हणालीस, "गणित नाही रे ते. अंदाज आहे. गणित मला कुठे येतं?"

मी म्हणालो, हो, खरंच की.

सोबत तुझी उत्तरपत्रिका आहे. 'ब'ची चाळणीही आहे. ती केंद्राची मालमत्ता आहे, पण पुढच्या महिन्यात ती रद्दीतच जाणार. वरचा डावा कोपरा पत्रिकेच्या कोपऱ्याशी जुळव आणि छिद्रांतून दिसणाऱ्या खुणा मोज. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, स्वतः मोज. सदतीस येतील. मला तेव्हा सदतीस आले, परवाही सदतीसच आले.

क्षमा मागत नाही. मागितली तर ती द्यायची की नाही हे तुला ठरवावं लागेल, आणि माझ्यामुळे तुझं एवढं ठरलंय की अजून एक ठरवणं मला तुझ्यावर टाकवत नाही. फक्त पोरीच्या अर्जावर वीस तारखेच्या आत सही कर. माझं पाप तिच्या पानात वाढू नकोस.

दादा


१९ जून

दादा,

चारही पत्रं आज एकदम वाचली. दुपारी मुली जेवायला गेल्या तेव्हा, टेबलापाशी उभ्यानेच.

अर्जाची काळजी करू नकोस. तिने तो चार तारखेलाच दिला. तुझं पहिलं पत्रसुद्धा तेव्हा आलं नव्हतं. बापाची सही घेतली, कुणाला न सांगायच्या अटीवर, आणि मला नंतर सांगितलं. मी ओरडले. म्हटलं, मामाने मोजलंय, आपल्याकडे नाही ते, तोंडावर आपटशील. ती चप्पल घालत होती. म्हणाली, "आई, मामाने तुला मोजलं होतं. मला कुठे मोजलंय?" आणि शिकवणीला गेली.

यांचाही तुझ्या आकड्यावर कधी विश्वास नव्हता, असं आज म्हणाले. तुला फोन केला होता तो एवढ्यासाठी की तू मला समजावशील. मी विचारलं, मग मला कधी का नाही सांगितलंत. म्हणाले, तू इतकी खात्रीने बोलायचीस. आई तर म्हणे तेव्हाच बाबांना म्हणाली होती की पोरगं काहीतरी चुकलं असेल. म्हणजे सगळ्यांनी आपापल्या मनात तो कागद फाडून टाकला होता. विश्वास ठेवणारी या घरात मी एकटीच होते. एकोणतीस वर्षं.

दुकानात सुटे परत घेताना मी ते मोजत नाही, दादा. समोरच्याने दिले तेवढे पिशवीत टाकते. पोरगी लहान असताना पाढे विचारायला आली की मी तिला बापाकडे पाठवायचे. मला येत होते. तरी पाठवायचे. माझं ऐकून चुकेल असं वाटायचं.

तुला क्षमा मागायची नाहीये ते बरं केलंस. इथे अजून पंधरा खिडक्यांचं काम पडलंय.

तू सांगितलंस तसा डावा कोपरा जुळवून मोजलं. चाळणी कधीतरी फाटलेली दिसते, तिला तपकिरी चिकटपट्टी लावलीय. ती तेराव्या छिद्रावर आलीय आणि छिद्र झाकलंय. खाली माझी खूण आहे, बरोबर जागी. उजेडाकडे धरलं की पट्टीतून दिसते. त्या चाळणीखालून आजवर किती जण गेले ते तुझ्या केंद्राला माहीत. त्या प्रत्येकाचा तेरावा प्रश्न तू एकदा बघ. रद्दीवाल्याचाही बघ.

सदतीस नाहीत. अडतीस आहेत.

दोनदा मोजलं.